जुन्या मॅसी १०३५ चं ऑईल प्रेशर गरम झाल्यावर पडतंय, इंजिन खोलायचं का?

माळरान_नेवासा
नमस्कार मंडळी. आमच्याकडं मॅसी १०३५ ट्रॅक्टर आहे, ९६ सालचा, वडलांनी घेतलेला, सिम्पसनचं तीन सिलेंडरचं इंजिन, डिझेलचा सीएव्हीचा रोटरी पंप. आजवर एकदाच हाफ इंजिन झालंय, लाइनर पिस्टन रिंगा वगैरे, तेव्हा क्रँकला (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला) हात लावला नव्हता असं वडील सांगतात. आता प्रॉब्लेम असा आहे की सकाळी गार असताना स्टार्ट केल्या केल्या ऑईलचा दिवा विझतो, पण तासभर रोटावेटर चालवला आणि बांधाला येऊन रेस कमी केली की दिवा मिणमिणायला लागतो, थोडी रेस दिली की जातो. धूर नेहमीसारखा, ताकद आहे, ऑईल खात नाही, बरेच दिवस झाले वरून टाकावंच लागलेलं नाही. गावातल्या मिस्त्रीनं दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं क्रँक गेली, इंजिन पूर्ण खोला, साठ-सत्तर हजार धरून चाला. खर्चाची तयारी ठेवू पण उसाची लागण तोंडावर आहे आणि नुसत्या दिव्यावरून एवढं मोठं काम काढायचं मन होत नाही. खोलायच्या आधी काय काय बघावं? कुणाचा फक्त स्विच खराब निघालाय का?

कापूस_पट्टा
भाऊ आमच्या महिंद्रा ५७५ ला असंच होतं, ऑईलचा स्विच बदलला, दीड-दोनशेची वस्तू, दिवा बंद. आधी तेच करा. मिस्त्री लोकायचं काय, त्यांना इंजिन खोलायलाच पाहिजे.

कृष्णाकाठ
काय राव एवढं टेन्शन घेताय. २०-५० चं जाड ऑईल टाका आणि लागण उरकून घ्या, मग उन्हाळ्यात निवांत बघा. आमच्या इकडं कारखान्याला ट्रॉल्या ओढणारे निम्मे ट्रॅक्टर असेच चाललेत.

जुना_फिटर
माळरान, दिव्यावर कुठलाच निकाल देऊ नका, ना खोलायचा ना सोडून द्यायचा. त्या स्विचच्या आत एक पातळ पडदा आणि स्प्रिंग असते, साधारण ०.३ ते ०.५ किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) खाली प्रेशर गेलं की दिवा लागतो. म्हणजे दिवा बंद आहे याचा अर्थ प्रेशर चांगलं आहे असा होत नाही, फक्त अर्ध्या किलोच्या वर आहे एवढाच होतो. उलट स्विच कमजोर झाला तर प्रेशर चांगलं असूनही लागू शकतो. म्हणून कापूस_पट्टा म्हणतात तसं होऊ शकतं, पण नवा स्विच टाकून दिवा गेला म्हणून सुटलो समजू नका, मी असं समजून चालवलेली आणि पुढं कनेक्टिंग रॉड ब्लॉकमधून बाहेर आलेली इंजिनं बांधलीत.

पहिलं काम, काट्याचा गेज लावायचा. स्विच काढा, त्या भोकात बहुतेक वेळा एक सुताचा (एक अष्टमांश इंचाचा) टेपर थ्रेड असतो, जुना स्विच दुकानात घेऊन जा आणि त्याच्या मापाचा निपल, पाइप आणि ० ते ७ किलोचा गेज आणा. फवारणी पंपाचं घड्याळ लावू नका, ते पन्नास-साठ किलोचं असतं, त्यावर एक किलो आणि दोन किलोतला फरक दिसतच नाही. टेफलॉन टेप गुंडाळताना पुढचा एक आटा मोकळा सोडा, टेपचा तुकडा गॅलरीत (ब्लॉकमधल्या ऑईलच्या वाटेत) गेला तर नवीन दुखणं. आणि पाइप सायलेन्सरला किंवा फॅनला लागणार नाही असा बांधा.

मग चार रीडिंग घ्या. गार इंजिन स्लो रेसला, गार फुल रेसला, नंतर निदान अर्धा तास लोडवर काम करून गरम स्लोला आणि गरम फुलला. शेडमध्ये उभा करून नुसता चालू ठेवलेला ट्रॅक्टर खरा गरम होत नाही, पाणी गरम होतं पण चेंबरमधलं (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीतलं) ऑईल नाही. पर्किन्सच्या तीन सिलेंडरच्या १५२ मालिकेच्या पुस्तकात फुल रेसला गरम असताना ३० ते ६० पीएसआय दिलंय, म्हणजे २.१ ते ४.२ किलो. आपलं सिम्पसन त्याच घराण्यातलं, हाच आकडा धरून चला. गरम स्लोला एक किलोच्या आसपास मिळालं तरी माझं समाधान.

काट्यावर फुलला तीन किलो आलं तर मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवा. दोनच्या खाली आलं तर पुढं बोलू. आणि दिवा पूर्ण लागून राहिला किंवा खालून खट खट यायला लागलं तर रीडिंगच्या नादात चालवू नका, जागेवर बंद करा.

बेरिंगवाला
फिटर साहेबांनी क्रम बरोबर सांगितला, मी थोडं कारण सांगतो कारण लोक सरसकट म्हणतात ऑईल पंप गेला. मी पुण्यात मशिन शॉपला आहे, क्रँक आणि बेरिंगचंच काम बघतो.

पंप प्रेशर तयार करत नाही, तो ऑईल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते ऑईलला बाहेर पडायला जागा कमी आहे म्हणून. ज्यांच्याकडं ठिबक आहे त्यांना लगेच कळेल, मोटर तीच, पण लॅटरल चार ठिकाणी उंदरानं कुरतडली की शेवटच्या झाडापर्यंत पाणी जात नाही, आणि तुम्ही मोटर बदलून काही होत नाही. इंजिनात ते कुरतडलेलं भोक म्हणजे बेरिंग आणि जर्नलमधली (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) गॅप. या मापाच्या जर्नलला साधारण २ ते ४ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) गॅप असते, मिलिमीटरमध्ये ०.०५ ते ०.१०. आणि खरा मुद्दा इथं आहे, त्या गॅपमधून निसटणारं ऑईल गॅपच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. गॅप दुप्पट झाली तर गळती दुप्पट नाही, आठपट. म्हणून बेरिंग बरीच वर्षं हळूहळू झिजतं तेव्हा काही कळत नाही आणि मग एका सीझनमध्ये प्रेशर अचानक पडल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट ऑईलचा पातळपणा. ऑईल निम्म्यानं पातळ झालं तर त्याच गॅपमधून दुप्पट निसटतं. म्हणून गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर दिवा, हे लक्षण एकटं घेतलं तर बेरिंगचंही असू शकतं आणि ऑईलचंही. कृष्णाकाठ म्हणतात ते जाड ऑईल म्हणूनच काट्यावर चांगलं दिसतं. पण गार असताना जाड ऑईल वर रॉकरपर्यंत उशिरा पोचतं आणि बेरिंगमधून कमी फिरतं, ऑईल तिथली उष्णता वाहून नेतं ते कमी होतं. सीझन निघेलही, पण मग क्रँक दहाला (दहा थाऊ कमी मापाला) ग्राइंड व्हायची ती तीसला जाते.

माळरान_नेवासा
गेज लावला. तालुक्याच्या ठिकाणी मिळाला, निपल मात्र लेथवाल्याकडून करून घ्यावा लागला. काल दुपारी रोटावेटर मारून रीडिंग घेतली:

गार स्लो २.२, गार फुल २.९. गरम स्लो ०.४, गरम फुल १.५.

म्हणजे स्विच चांगला होता, दिवा खरंच बोलत होता. काटा थरथरत नाही, रेसबरोबर सरळ वर जातो. आवाज काही नाही, वडलांनी आणि मी दोघांनी स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला लावून कान देऊन ऐकलं.

जुना_फिटर
काटा रेसबरोबर वर जातोय, थरथरत नाही, ही चांगली खूण. चेंबरमधली जाळी चोंदली असती किंवा सक्शन पाइपला हवा धरत असती तर रेस वाढवल्यावर काटा नाचला असता नाहीतर उलटा खाली आला असता. ते बरंचसं बाजूला ठेवू.

मला तुमच्या पहिल्या पोस्टमधलंच एक वाक्य टोचतंय. बरेच दिवस ऑईल वरून टाकावं लागलं नाही. तीस वर्षांचं इंजिन थोडं तरी ऑईल खाणारच, खात नाही म्हणता तर त्याच्या जागी दुसरं काहीतरी येतंय. रात्रभर ट्रॅक्टर सपाट जागी उभा ठेवा, सकाळी स्टार्ट करायच्या आधी ऑईलची पट्टी पुसून बघा. बोटावर घेऊन वास घ्या. मग पट्टीवरचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाका आणि तासाभरानं बघा. चांगल्या ऑईलचा डाग काळा आणि आटोपशीर राहतो. डिझेल मिसळलेलं असेल तर मधल्या काळ्या डागाच्या भोवती फिकट तेलकट कडं लांबवर पसरतं. शेजारी नव्या ऑईलचा थेंब टाका म्हणजे फरक दिसेल. ऑईल दुधाळ, चहाच्या रंगाचं असेल तर पाणी, तो विषय वेगळा आणि जास्त घाईचा.

माळरान_नेवासा
फिटर काका, पट्टीवर ऑईल वरच्या खुणेच्या चांगलं वर आहे. आम्ही खुणेच्या खाली नाही ना एवढंच बघत आलो, वर आहे याचं कुणाला काही वाटलंच नाही. वास डिझेलचाच. वर्तमानपत्रावरचं कडं इतकं पसरलं की खालच्या पानावर उतरलं. आता डिझेल येतंय कुठून?

द्राक्षबाग
आमच्या निफाडकडच्या जुन्या मॅसीला अगदी हेच झालं होतं, फीड पंपाचा डायफ्राम फाटलेला. ब्लॉकच्या बाजूला हातानं प्रायमिंग करायची दांडी असलेला छोटा पंप आहे ना, तोच. त्याचा आर्म आत कॅमशाफ्टवर चालतो, मध्ये फक्त एक रबरी पडदा, पडदा फाटला की डिझेल सरळ चेंबरमध्ये. बाहेर एक थेंब दिसत नाही म्हणून कुणाला शंका येत नाही, इंजिन पण व्यवस्थित चालतं कारण फाटलेला पंपसुद्धा थोडंफार डिझेल पुढं देतच असतो.

तपासायला सोपं आहे आणि मी स्वतः केलंय. दोन बोल्ट काढून पंप बाहेर घ्या. इनलेटला डिझेलची नळी जोडा, आउटलेट बोटानं घट्ट दाबा आणि दांडी हलवत राहा. पंप आडवा धरून आर्मच्या बाजूनं बघा, त्या फटीतून डिझेल पाझरायला लागलं की झालं निदान. आमच्याकडं अख्खी धार नव्हती, आर्मवर ओल आली आणि मग टोकाला थेंब धरला, तो पुसला की परत धरायचा. तेवढ्यावर रोज आठ तासांत किती जात असेल विचार करा. बसवताना आर्म कॅमच्या बरोबर बाजूला बसलाय ना बघा, चुकीचा बसवून बोल्ट ताणले तर आर्म मोडतो.

जुना_फिटर
द्राक्षबाग ताईंनी नेमकं सांगितलं, मी यात एवढंच घालतो. फीड पंप चांगला निघाला तर रोटरी पंपाच्या शाफ्टचा सील बघायचा, तो गेला की डिझेल टायमिंग केसमध्ये आणि तिथून चेंबरमध्ये उतरतं. आणि नोझल ठिबकत असतील तर न जळलेलं डिझेल लाइनर धुऊन खाली जातं, पण तेव्हा स्लोला पांढरट धूर आणि उग्र वास येतो, तुमचा धूर नॉर्मल आहे. ज्यांना इनलाइन पंप आहे त्यांनी हा धागा वाचताना लक्षात ठेवा, तुमचा फीड पंप त्या पंपाच्याच अंगाला असतो आणि आतून प्लंजरचा, पण गळती तिथंही होते.

आणि हे सगळ्यांसाठी लिहितो. मिस्त्री म्हणाला तसं इंजिन आधीच खोललं असतं, नवीन बेरिंग टाकली असती, काट्यावर प्रेशर झकास आलं असतं, आणि डिझेल तसंच पडत राहिलं असतं. एका सीझनमध्ये नवीन बेरिंगची तीच गत. मग दोष स्पेअरला, ग्राइंडिंगवाल्याला, ऑईलच्या कंपनीला. झिजलं काय हे कुणीही सांगेल, का झिजलं हे शोधल्याशिवाय स्पॅनर हातात घेऊ नये.

माळरान_नेवासा
फीड पंपच. ताईंनी सांगितलं तसंच, आर्मवरून थेंब. नवीन पंप पूर्णच टाकला, जुन्याला किट मिळत होतं पण पिन पण ढिली होती. ऑईल गरम असतानाच सोडलं, सात लिटरच्या आसपास बसतं आमच्यात, ड्रमात पडलेलं मोजलं तर दीड लिटर तरी जास्त होतं. धार पाण्यासारखी. २०-४० चं नवीन ऑईल, नवीन फिल्टर, माती साचते त्या बाऊलमधला गाळ पण धुतला.

आता रीडिंग: गार फुल ३.६. गरम स्लो ०.८, गरम फुल १.९. दिवा लागत नाही.

इथं थांबावं की पुढं जावं? वडील म्हणतात चाललंय तर चालू द्या.

कृष्णाकाठ
०.४ चं ०.८ झालं, डबल. चालवा की बिनधास्त. लागण झाल्यावर बघा.

बेरिंगवाला
या आकड्यांतून बरंच कळतंय. गार फुलला ३.६ येतंय म्हणजे रिलीफ व्हॉल्व (जादा प्रेशर सोडणारा) उघडा अडकलेला नाही आणि पंपात दम आहे, नाहीतर जाड ऑईलवर पण एवढं आलं नसतं. गरम झाल्यावर निम्म्यावर येतंय म्हणजे गळती आहे. डिझेल बंद झालं, तरी २.१ च्या खालीच. पातळ ऑईलवर किती तास चाललं असेल कोण सांगणार, तेवढ्यात बेरिंगनं मार खाल्लेला असणारच.

एक स्वस्त तपासणी करा. काढलेला फिल्टर टाकला नसेल तर कापा, कापताना लोखंडाचा चुरा आत पडू देऊ नका, आणि कागद उलगडून उन्हात धरा. बारीक राखाडी चमक थोडी असतेच. पितळी-तांबडी चमक दिसली तर बेरिंगचा वरचा थर संपून खालचं तांबं उघडं पडलंय. लोहचुंबक फिरवा, चिकटलं तर ते लोखंड, त्याची गोष्ट वेगळी.

माळरान_नेवासा
फिल्टर कापला. घड्यांमध्ये तांबूस चमक आहे. फार नाही, पण चिमटीत घेऊन चोळलं तर अंगठ्यावर दिसते. चुंबकाला काही चिकटलं नाही.

जुना_फिटर
मग चेंबर उतरवा. लागणीचं काम भाड्याच्या ट्रॅक्टरवर करून घ्या, ते भाडं क्रँकपेक्षा स्वस्त पडेल. तांबं दिसतंय म्हणजे बेरिंगचा शेवटचा थर चालू आहे, पुढं क्रँकच खरवडली जाते, आणि गरम होऊन एक बेरिंग आपल्या बैठकीत फिरलं की रॉडपण गेला.

एक काळजी घ्या, या ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते, इंजिन हाच सांगाडा. पुढचा भाग, गिअरबॉक्सचं तोंड, दोन्हीकडं नीट लाकडी ठोकळ्यांचे टेकू द्या, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, जॅक बसतो. चेंबर बिडाचा आहे, जड आहे, दोन माणसं लागतात.

उतरल्यावर रॉडची एक एक कॅप (बेरिंगवरचं खालचं झाकण) काढा, पंचनं नंबर मारलेले असतात ते बघून ठेवा, कॅप उलटी किंवा दुसऱ्या रॉडला जाता कामा नये. आणि ऑईल पंप पण काढून मोजा. आतला आणि बाहेरचा रोटर, टोकाला टोक समोर आणून मध्ये फिलर गेज घाला, ०.१५ मिलिमीटरच्या वर पान सहज जायला लागलं तर रोटर बदलायच्या लायकीचे. बाहेरचा रोटर आणि बॉडीमध्ये ०.२५ पर्यंत चालतं. रोटरच्या तोंडावर सरळपट्टी ठेवून वरची गॅप पण बघा, आणि पंपाच्या कव्हरवर रोटरनं गोल खड्डा पाडलेला असतो तो बहुतेक लोक बघतच नाहीत. कव्हर सरफेस प्लेटवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करता येतं.

माळरान_नेवासा
मंडळी, चेंबर उतरवला. सविस्तर लिहितो म्हणजे पुढं कुणाला उपयोग होईल.

जाळीत लाल सिलिकॉनचे शेवयासारखे तुकडे होते, हाफ इंजिनच्या वेळी चेंबरच्या पॅकिंगला भरपूर लावलेलं दिसतंय. जाळी साधारण एक चतुर्थांश झाकली होती. रिलीफ व्हॉल्व आमच्यात आतच आहे, प्लंजरला उभ्या बारीक रेघा पण बोटानं ढकलला तर सुरळीत हलतो. स्प्रिंग सरळ.

कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगपैकी एक आणि तीन नंबरची राखाडी पण पुसट झालेली. दोन नंबरची वरची शेल (बेरिंगची अर्धगोल वाटी) मात्र हातात घेतली आणि कळलं, मधोमध अंगठ्याएवढा भाग पूर्ण तांबडा, कडेला राखाडी थर सोलल्यासारखा, आणि त्यात काळे बारीक ठिपके रुतलेले. नख फिरवलं तर अडकतं. जर्नलवर पण नखाला लागतील अशा दोन रेघा. मेन बेरिंगा (क्रँक ब्लॉकमध्ये टेकते त्या) त्या मानानं चांगल्या, राखाडीच आहेत.

पंपाच्या रोटरमध्ये ०.२० चं पान आरामात गेलं. कव्हरवर गोल खड्डा, काकांनी सांगितला तसाच.

मिस्त्री (दुसरा, हा बरा वाटला) म्हणतो क्रँक बाहेर काढावीच लागेल. एकजण आलेला, तो म्हणाला कॅप थोडी घासून दे आणि रेघा पॉलिश पेपरनं मार, दोन हजारात काम. काय करू?

बेरिंगवाला
कॅप घासू देऊ नका, कुणीही कितीही अनुभवी असला तरी. रॉडचं भोक गोल राहत नाही, शेल मागच्या बाजूनं टेकत नाही, उष्णता जायला जागा मिळत नाही आणि बेरिंग फिरतं. शेलच्या मागं कागद, पत्रा, ब्लेड घालणारेही आहेत, त्याचाही शेवट तोच. आज काट्यावर प्रेशर दिसेल आणि महिन्यात रॉड जाईल.

नखाला रेघ लागते म्हणजे पॉलिशनं जाणार नाही. क्रँक काढा आणि ग्राइंडिंगवाल्याकडं न्या, पण ग्राइंड करा असं सांगून सोडून येऊ नका. आधी मायक्रोमीटरनं प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी, आडवं आणि उभं मोजून कागदावर लिहून मागा. मेन मापात असतील तर त्यांना फक्त पॉलिश, स्टँडर्ड शेल. कनेक्टिंग तिन्ही एकाच मापाला, बहुधा दहाला होतील. एकच दोन नंबर दहाला आणि बाकी स्टँडर्ड असं मिक्स करू नका, पुढच्या वेळी कुणाच्या लक्षात राहणार.

ग्राइंडिंगवाल्याला दोन गोष्टी ठासून सांगा. एक, जर्नलच्या दोन्ही कडांना जी गोलाई असते ती जशीच्या तशी राहिली पाहिजे. तिथं चौकोनी कोपरा निघाला तर क्रँक तिथूनच मोडते, आणि मोडते ती पण भर लोडवर. दुसरं, ऑईलच्या भोकांची तोंडं ग्राइंडनंतर हलकी गोल करून द्यायची, धार राहिली तर ती नवीन शेल खरवडत राहते.

घरी आणल्यावर क्रँकच्या आतल्या भोकांतून रॉकेल आणि तार घालून, मग कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करा. ग्राइंडिंगची बारीक भुकटी आतच बसलेली असते आणि सुरू केल्या केल्या पहिल्या मिनिटात नव्या बेरिंगमध्ये जाते. ब्लॉकमधली मेन गॅलरी पण तशीच, तिचे प्लग काढले तर परत बसवलेत का हे दोघांनी तपासा. आतला एक प्लग राहिला म्हणून सगळं नवीन असूनही प्रेशर येत नाही अशी इंजिनं आमच्याकडं दर वर्षी येतात.

द्राक्षबाग
शेल बसवताना भोक असलेली शेल ब्लॉकच्या भोकासमोर आहे ना बघा. आणि टॉर्क रेंच भाड्यानं का होईना आणा. आमच्याकडच्यानं हातानंच ताणले होते, मी थांबवून परत सगळे मोजून करायला लावले.

माळरान_नेवासा
अपडेट. मेन सगळे मापात निघाले, पॉलिश करून स्टँडर्ड शेल. कनेक्टिंग दोन नंबर ३ थाऊ ओव्हल, बाकी एक-दीड, तिन्ही दहाला घेतले. थ्रस्ट वॉशर नवीन. पंपाचे रोटर नवीन, कव्हर घासून सपाट केलं. चेंबरला यावेळी सिलिकॉन नाही, पॅकिंग आणि हलका शेलॅक. लाइनर-पिस्टन चांगले होते, त्यांना हात लावला नाही.

आता सुरू करताना काही काळजी? मिस्त्री म्हणतो सेल्फ मारायचा आणि झालं.

जुना_फिटर
तसं करू नका. पंप कोरडा असेल तर ऑईल ओढायला वेळ घेतो आणि तेवढा वेळ नवीन बेरिंग कोरडी फिरतात. पंप बसवताना आत ऑईल किंवा साधं व्हॅसलीन भरलंय का विचारा. फिल्टर ऑईलनं भरूनच बसवा. बेरिंग आणि कॅमला ऑईल सोडलेलं असलंच पाहिजे. मग स्टॉपची दांडी ओढून धरा, इंजिन सुरू होणार नाही असं बघा, आणि सेल्फ दहा-दहा सेकंद, मध्ये थांबून थांबून मारा, काट्यावर प्रेशर येईपर्यंत. काटा हलल्यावरच डिझेल द्या. सुरू झाल्यावर रॉकर कव्हर उघडून तिथं ऑईल पोचतंय का डोळ्यानं बघा.

पहिले काही तास स्लो रेसला तासन् तास उभा ठेवू नका, लोकांना वाटतं हळू चालवलं म्हणजे चांगलं. मध्यम रेस, हलकं काम, वखर, रिकामी ट्रॉली. पन्नास तासांनी ऑईल आणि फिल्टर बदला आणि तो फिल्टर परत कापून बघा.

माळरान_नेवासा
काकांनी सांगितलं तसंच केलं. तिसऱ्या वेळी सेल्फ मारताना काटा उठला, मग स्टॉप सोडला. आज पाळी मारून गरम रीडिंग घेतली: स्लो १.५, फुल ३.५. वडील काट्याकडंच बघत बसले होते, आता ते म्हणतात हा गेज काढायचा नाही, मीटरच्या शेजारी पट्टी लावून कायमचा बसवायचा. खर्च पहिल्यानं सांगितला होता त्याच्या निम्म्याच्या थोडा वर गेला, त्यात फीड पंप आणि भाड्याचा ट्रॅक्टर पण धरलाय.

कापूस_पट्टा
भाऊ लय चांगलं झालं. धागा वाचून मी पण आमच्या ५७५ ला गेज लावला, गरम फुलला २.६ येते, पट्टीवर ऑईल बरोबर खुणेवर. एक विचारायचं होतं, इथं एकजण म्हणते रिलीफ व्हॉल्वच्या स्प्रिंगमागं वॉशर घाल, तीनच्या वर जाईल. घालू का?

जुना_फिटर
नका घालू. रिलीफ व्हॉल्व फक्त गार असताना वरची मर्यादा धरतो, गरम झाल्यावर २.६ येतंय तेव्हा तो बहुधा बंदच असतो, त्याची स्प्रिंग कडक करून काय मिळणार. मिळेल एवढंच की हिवाळ्यात सकाळी गार ऑईलवर प्रेशर नको तेवढं चढेल आणि फिल्टरचं पॅकिंग फुटेल किंवा पंपाच्या ड्राइव्हवर ताण येईल. तुमचं २.६ उत्तम आहे. ते वहीत तारखेसह आणि इंजिनच्या तासांसह लिहून ठेवा, दर ऑईल चेंजला एकदा गरम फुलचं रीडिंग घ्या. पुढच्या वर्षी २.५ आलं तर काही नाही, दोन महिन्यांत २.० आलं तर पट्टी काढून आधी वास घ्या.

माळरान_नेवासा
पन्नास तास झाले की फिल्टर कापून फोटो इथंच टाकतो. कुणाला नेवासा-शेवगाव भागात गेज लावून बघायचा असेल तर निपल आणि पाइप जास्तीचा करून घेतलाय, घेऊन जा आणि परत आणून द्या.